दाजींचा डावा हात

क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांच्या पलीकडचं यंत्र जगात अजून जन्मालाच आलेलं नाही, अशी ठाम समजूत असलेले एकच गृहस्थ मला माहीत आहेत. ते माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सारी नोकरी फौजेचे ट्रक चालवण्यात गेली, सुभेदार होऊन साताऱ्यात घर बांधलं, तरी मिक्सर सुरू करण्याआधी ते अजूनही खाली वाकून बघतात, तेल गळतंय का म्हणून. शेजारची सीट अक्काची. तिथं बसून ती आयुष्यभर एकच वाक्य म्हणाली, "जरा हळू घ्या." दाजींनी ते कधी मनावर घेतलं नाही. एकदा मेढ्याला जाताना त्यांनी चढावर एसटीला मागं टाकून तिच्या ड्रायव्हरला सलाम ठोकला, तेव्हा परतीच्या प्रवासाला अक्का त्याच एसटीत जाऊन बसली.

अक्काचा आवाज बाईमाणसाच्या मानानं फार खालचा, घोगरा. आरतीत ती पुरुषांच्या बाजूला उभी आहे असं वाटायचं. पण आमच्याकडचं एकही बारसं तिच्या पाळण्यावाचून झालं नाही. शब्द ती आयत्या वेळी जुळवायची, चाल मात्र तीच. गेल्या श्रावणात ती गेली, आणि मग ध्यानात आलं की तो पाळणा कुणीच मोबाइलवर घेतलेला नाही. अक्का आहेच, असं सगळे धरून चालले होते. सांगलीला दिलेल्या अक्काच्या लेकीला, माझ्या भाचीला, दिवस गेले होते. ती फोनवर वडिलांना म्हणाली, "आप्पा, आता पाळणा कोण म्हणणार?"

दाजींनी गाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांचा आवाज म्हणजे घाटात पहिल्या गिअरला अडकलेला ट्रक. आठवड्यानं मी गेलो तर दिवाणावर एक कीबोर्ड. दाजी त्याला पियानोच म्हणत. पायाशी एक पेडल होतं, त्याकडे ते संशयानं बघत होते.

"एकच हाय," ते म्हणाले. "मग थांबायचं कशानं?"

शिकवणारे गुरुजी मोबाइलमध्ये होते, कुठल्या तरी परमुलखातले. ते तोंडातून अवाक्षर काढत नसत. "आपल्यातले लय बोलत्यात," दाजी म्हणाले, "ह्यो गपगुमान वाजवतो." व्हिडिओचा वेग निम्मा करता येतो हा शोध लागला, त्या दिवशी त्यांनी तोच धडा तीनदा लावला. मग म्हणाले, "पावणं, तुमची बहीण बरूबर सांगत हुती."

बोटं वळायला लागल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पाळणा कुठल्याच व्हिडिओत नव्हता. "तुमी तिचं भाऊ. तुमच्या कानात असंल. म्हणा." मी चारचौघांत बोलतानाही अडखळतो. पण दर रविवारी दाजींसमोर बसून मी तो पाळणा गुणगुणत राहिलो आणि ते एकेक पट्टी दाबून सूर शोधत राहिले. कधी मला पुढचं आठवेना, कधी आठवायचं आणि म्हणवत नसे. मग ते उठून चहा टाकत.

भाचीला मुलगी झाली. बारशाला कीबोर्ड मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून आम्ही सांगलीला गेलो. सांगली म्हणजे गाण्याची जाण असलेलं गाव, त्यात भाचीचे सासरे पेटी वाजवणारे. बायका पाळण्याभोवती जमल्या. दाजींनी सुरुवात केली आणि व्याही हलकेच म्हणाले, "सुभेदारसाहेब, हात उलटे आहेत. गाणं उजव्यानं, साथ डाव्यानं."

दाजींनी हात उचलले. "मोबाइलात तर असंच दिसतं."

"अहो, मोबाइलातले ते तुमच्याकडे तोंड करून समोर बसलेत."

"समोर उस्ताद असला, की त्याच्या उजव्याला आपला डावा. फौजेत पीटीला पहिलं हेच शिकवत्यात."

कुणीतरी हसलं. दाजींनी उजव्या हातानं वाजवून पाहिलं. बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. पाळणा थांबला होता. भाची खाली बघत होती. मग दाजी पाठ ताठ करून बसले आणि डावा हात जसा शिकला होता, तसाच त्यांनी पट्ट्यांवर ठेवला.

चाल खालच्या सुरांतून उठली. जाड, घोगरी, सावकाश. साताऱ्याच्या खोलीत मी स्वतःच गुणगुणत असल्यामुळे मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. अक्का तिथूनच गायची. भाचीनं मान वर केली, पाळण्याची दोरी ओढली, आणि शब्द जुळवत गाऊ लागली. पाठोपाठ साऱ्या बायका. शेवटची पट्टी दाबून दाजींनी पेडलवरचा पाय काढला, तो ताठ, परेड संपल्यासारखा. बाळ कधीच झोपलं होतं.

"हात असेच राहू द्या," व्याही म्हणाले. "आता बदलू नका."

दाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "गाडी पोचली का न्हाई, एवढंच बघायचं असतं."

परतताना शेजारच्या सीटवर मी होतो. रस्ता मोकळा होता, तरी उसानं भरलेले ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून जात होते. कराड मागं पडल्यावर मी न राहवून म्हटलं, "आवं दाजी, अशानं अंधार पडेल."

"पडू दे," समोर बघत ते म्हणाले. "जरा हळू घेतोय."