मुलीकडून घेतलेली संथा

आमची कन्या चार वर्षांची होती तेव्हा तिच्या किंकाळीने काशीच्या मणिकर्णिका घाटावरचे मेलेले उठून बसत. खोटं वाटत असेल तर तिथल्या लाकूडवाल्यांना विचारा. ताटं भिरकावणं रोजचंच. गल्लीतल्या निम्म्या दंडांवर तिच्या दातांची मोहर होती, आणि मोहर अशी सुबक की कचेरीत कागदावर चालली असती.

पण माझी खरी भीती वेगळी होती. संकठा घाटाजवळच्या आमच्या दारापासून गंगा साठ पायऱ्या खाली, आणि ही पोर ‘थांब’ ऐकलं की पळत सुटायची. दोनदा तिला अगदी शेवटच्या पायरीवर धरली. तिसऱ्यांदा मी पोचेन का, या विचाराने माझ्यासारखा बढाईखोर माणूस जेवताना गप्प बसू लागला.

बायकोने कुठूनसा एक दवाखाना शोधला. मला वाटलं, पोरीला औषध देतील. तिथल्या बाईंनी मलाच कानात घालायला एक बटण दिलं. मी, मुलगी आणि लाकडी ठोकळे एका खोलीत, बाई आरशामागून त्या बटणात बोलणार. त्यांना आम्ही दिसायचो, आम्हाला आमचीच तोंडं. बाईंचं सांगणं सोपं होतं: पोरीला खेळू द्या, तिला काही विचारू नका, काही फर्मावू नका, ती बोलेल ते फक्त परत म्हणा.

सोपं? मी तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडे. हे काय केलंस, ते कुठे ठेवतेस, असं का. पाच मिनिटांत बाई कानात शंभरदा ‘सवाल नहीं’ म्हणाल्या, आणि शंभर मी कमीच सांगतोय.

शेवटी कन्या ठोकळा ठेवत म्हणाली, “लाल वर.”

कानात आलं, “दोहराइए.”

आता आमचे वडील काशीतले वैदिक. त्यांच्याकडे संथेची रीत अशी की गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने दोनदा, मानेने स्वर दाखवत. मी मुंज झाल्यापासून बँकेत चिकटेपर्यंत तेच केलेलं. अंगात मुरलेलं जातंय कुठे? मांडी घातली, मान खालीवर केली आणि खणखणीत म्हणालो, “लाल वर. लाल वर.”

कानात हसू दाबलेला आवाज. “एक बार काफ़ी है, भाई साहब.”

पोर मात्र माझ्याकडे बघतच राहिली. तोवर त्या हातातून ठोकळा माझ्या कपाळावरच यायचा. तिने परीक्षा घेतली, “निळा खाली.” मी शहाण्यासारखं एकदाच म्हटलं, “निळा खाली.” तेव्हा तिने एक पिवळा ठोकळा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हळूच. मी आयुष्यात पुष्कळ चमत्कार पाहिलेत, निम्मे स्वतः रचलेत. हा मी रचलेला नव्हता.

घरीही रोज पाच मिनिटं हाच अभ्यास. एकदा वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हटलं, आता खरडपट्टी. ते म्हणाले, “जन्मभर पोरांना माझं म्हणायला लावलं रे. त्यांचं मी कधी म्हटलं नाही.” दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं आसन घेऊन आमच्याजवळ येऊन बसले.

मग काही महिन्यांनी बाईंनी सांगायची रीत शिकवली: काय करू नको ते नाही, काय करायचं तेच सांगा, एकदाच, खालच्या आवाजात, मग पाच अंक मोजेपर्यंत गप्प.

आणि एका सकाळी घाटावर तिने माझा हात सोडवला. सुटलीच. माझी जुनी आरोळी गंगेपलीकडच्या रामनगरच्या किल्ल्यात ऐकू जायची, ती घशापर्यंत आलेली मी गिळली. पाय धावत होते, आवाज खाली ठेवला. “माझी वाट बघ.”

एक. दोन. तीनला ती पाण्याच्या चार पायऱ्या अलीकडे थांबली. वळली. धापा टाकत उतरणाऱ्या माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “बाबा पळतायत.”

मी तिचा हात धरला. वाट बघितलीस, छान केलंस, असं सांगायचं होतं. तोंडातून निघाले ते तिचेच शब्द, “बाबा पळतायत. बाबा पळतायत.”

एकदा पुरलं असतं. पण कानात कोणी नव्हतं, म्हणून दोनदा म्हटलं.