लोलक, पेटी आणि आबा

नंदुरबारच्या बाजारात मी चष्म्याच्या काचा घासत असे, तेव्हा दगाजीराव पाटील प्रथम माझ्या दुकानात आले. तापीकाठच्या शेतकरी घरातले हे गृहस्थ दूरच्या वेधशाळेत उपकरणे आखतात, हे मला नंतर कळले. घासलेली काच उजेडाकडे धरून ते म्हणाले, "भाऊ, तुन्हा हात चांगला शे. दुर्बिणनं काम करशी का?" मी मागचापुढचा विचार न करता हो म्हणालो. घरच्यांनी मला वेड्यात काढले.

वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीसाठी आबा (दगाजीरावांना सगळे आबाच म्हणतात) वर्णपटलेखक तयार करीत होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याच्या रेषा छायाचित्राच्या काचेवर टिपणारी ही पेटी. आराखडा आबांचा, लोलक घासायचा मी. पहिल्याच परीक्षेत रेषा ओल्या काजळासारख्या फिसकटल्या. वेधशाळेच्या प्रमुखांनी तडकाफडकी सांगितले, "लोलक सदोष आहे. चष्मेवाल्याला घरी पाठवा." गावी कोणत्या तोंडाने परतणार होतो मी?

आबांनी एक दिवस मागून घेतला. कार्यशाळेत पेटी स्थिर ठेवून, ताऱ्याऐवजी विजेच्या ठिणगीचा प्रकाश आत सोडून त्यांनी छायाचित्र घेतले. रेषा केसासारख्या बारीक आल्या. मग दुर्बीण कलते तशी पेटी हळूहळू कलती करीत दुसरे घेतले, तर रेषा पुन्हा फिसकटल्या. वजन वाचवण्यासाठी आबांनी पत्रा पातळ धरला होता, त्यामुळे पेटीच वाकत होती. छायाचित्रांच्या दोन्ही काचा प्रमुखांपुढे ठेवून ते म्हणाले, "लोलक निर्दोष आहे. चूक माझ्या आराखड्याची."

गुपचूप पत्रा बदलता आला असता, कोणी विचारलेही नसते. त्या बोलण्यापायी त्यांची ठरलेली बढती गेली. मी ओशाळून उभा होतो, तर मलाच दटावले, "जेवाले चाल. उद्या जाड पत्रा कापना शे." जेवणानंतर स्वतः चहा केला. त्यांच्या हातचा चहा भलताच गोड असतो, आणि नको म्हणायची कोणाची छाती नाही.

आता आबांना साठ वर्षे पुरी होत आहेत आणि माझे हात किंचित कापू लागले आहेत. नव्या उपकरणासाठी तरुण कारागीर नेमा, असे मी परवा सुचवले. आराखडा गुंडाळत ते म्हणाले, "लोलक तूच घास. पेटीनं मी देखी लिसू." म्हणजे पेटीचे ते बघून घेणार.

आबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. लोलक मी घासायला घेतला आहे.