साळिंदराच्या पिल्लाचा आवाज

माझ्या भाचीइतकी बडबडी, आणि तरीही स्वतःच्या आवाजात इतकं कमी बोललेली व्यक्ती अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. आठव्या वर्षी ती टीव्हीवरच्या एका कार्टूनमधलं साळिंदराचं पिल्लू झाली आणि पुढची पाच वर्षं घरात, शाळेत, रिक्षात त्याच किनऱ्या आवाजात बोलत राहिली. झालं असं, की शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने शेळीचा आवाज काढला आणि पाहुण्या म्हणून आलेल्या बाई नेमक्या मुंबईत कार्टूनचं डबिंग करून घेणाऱ्या निघाल्या. त्यांनी तिथल्या तिथे हिला उचललं.

रेकॉर्डिंग व्हायचं नाशिकलाच, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, माझ्या ताईच्या कपड्यांच्या कपाटात. साड्या आणि गोधड्या म्हणे बाहेरचा आवाज गिळतात. भाची कपाटात बसलेली, माइक हँगरला टांगलेला, हेडफोनवर मुंबईच्या बाई, आणि बाहेर ताईचा पहारा. कुकर बंद, मिक्सर बंद, दाजींना शिंक आली तर त्यांनी सरळ जिना उतरून खाली जायचं. एकदा ऐन रडण्याच्या सीनला भंगारवाला गल्लीत ओरडायला लागला, तर ताईने त्याला घरातला चांगला चालू पंखा देऊन वाटेला लावलं. दाजी आठवडाभर घामाघूम होऊन फिरत होते, पण ब्र काढला नाही बिचाऱ्यांनी.

माझी निफाडला द्राक्षबाग. हंगामात मी कौतुकाने पेटी घेऊन जावं, तर ही दोन हात लांब सरकून म्हणायची, "मामा, घसा!" बागायतदाराची सख्खी भाची द्राक्षाला शिवत नाही, हे मी गावात कुणाला सांगणार? जेवायला बसली की हिचं निराळंच. भाकरीचा घास घ्यायच्या आधी रिकाम्या तोंडाने चावल्याचा आवाज काढून दाखवायची आणि विचारायची, "हे कोरडं वाटलं की कालवणात बुडवलेलं?" दाजी अगदी गंभीरपणे उत्तर द्यायचे. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव डोळे पुसत होता, तेव्हा ही माझ्या कानाशी लागली, "मामा, नवरी श्वास चुकीच्या जागी घेतेय. असं फार वेळ रडता येणार नाही." मला हसू आवरेना आणि बायकोने माझ्याकडे असं काही बघितलं म्हणता!

पण कहर झाला तो आमच्या बागेत. सुट्टीत आली होती. पिल्लू खड्ड्यात पडतं, तो भाग तिला करायचा होता. आवाज खड्ड्यातल्यासारखा घुमायला हवा म्हणून ही विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसली आणि जीव तोडून ओरडली, "आई गं, मी इथंय! मला बाहेर काढ!" पेठकडच्या मजूर बायका द्राक्षं काढत होत्या. त्यांनी क्रेट तिथेच टाकले, दोर घेतले आणि धावत सुटल्या. बघतात तर ही कठड्याला टेकून वहीत खूण करतेय. त्यातली म्हातारी मटकन खाली बसली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "पोरी, लय भ्यालो ना गं आम्ही!" भाचीने तिची माफी मागितली, पाणी आणून दिलं, आणि मग हळूच विचारलं, "आजी, खरंच वाटलं ना?"

गेल्या वर्षी तिला तेरावं लागलं आणि आवाज जाड व्हायला लागला. तिला आमच्या आधी कळलं. आवाज वाचवायचा म्हणून ती बोलेनाशीच झाली. पाटीवर लिहून मीठ मागायची. पंधरा दिवस ती पोर गप्प बसली होती आणि आम्ही मोठी माणसं नुसती बघत होतो. मग चाचणी झाली. बाईंनी सहा वेळा तेच वाक्य म्हणून घेतलं आणि शेवटी मायेने सांगितलं, "बाळा, आता पिल्लू दुसऱ्या कुणाला देऊ या." ती कपाटातून बाहेर आली ती थेट गच्चीवर गेली. ताई रडली, मीही रडलो, लाज कसली त्यात!

महिनाभराने मी ताईकडे गेलो असताना बाईंचा फोन आला. नवी मुलगी सात वर्षांची, मुंबईची. सगळं जमत होतं, हसणं तेवढं जमत नव्हतं. शिकवशील का? मला वाटलं, ही फोन आपटणार. पण ही कपाटात जाऊन बसली आणि तासभर त्या चिमुरडीला शिकवत राहिली, "नुसतं हसू नको गं. आधी पडल्यासारखं कर, मग आई रागावलीय का बघ, मग हस." शेवटी दार उघडून तिने मलाही एक हेडफोन दिला. पलीकडून हसू आलं.

"मामा, माझ्यासारखं झालं?"

मी म्हटलं, "जवळपास झालं की."

तिचे डोळे भरून आले. ओढणीने पुसले आणि म्हणाली, "जवळपास नाही चालणार. लहान मुलांना लगेच कळतं." तिने कपाटाचं दार आतून ओढून घेतलं आणि तिच्या त्या नव्या, जाडसर आवाजात त्या चिमुरडीला म्हणाली, "घाबरू नको हं. आपण परत घेऊ."