एक फणेरपेटी, दोन जावा

माझी धाकटी जाऊ हैदराबादहून आली ती साबणाच्या वासासकट आली. त्याआधी आमच्या नांदेडच्या घरात साबण होता तो फक्त कपड्यांचा. अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई, आणि एवढ्यावरच आम्हा सगळ्यांची लग्नं झाली होती, पोरंही झाली होती. हिच्या ट्रंकेतून मात्र गुलाबी कागदात गुंडाळलेला साबण निघाला, पांढऱ्या काचेच्या बरणीतला, तोंडाला लावायचा स्नो निघाला आणि पावडरीचा डबा निघाला. डब्यात पिसासारखं मऊ फूल होतं, त्यानं पावडर गालावर थोपटायची. शेजारपाजारच्या बायका ते फूल बघायला यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. चहा मी करायची.

ती देखणी होती, हे मी तेव्हाही नाकारत नव्हते. स्वभावानंही वाईट नव्हती, आणि तेच मला जास्त सलायचं. भांडकुदळ असती तर दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. ही मला ‘अक्का, अक्का’ करत मागंपुढं फिरायची. अशा बाईचा हेवा करायचा म्हणजे आपणच आपल्या नजरेत उतरायचं. तरी मी करायची, रोज करायची.

खरं दुखणं होतं ते नणंदेचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ही एवढीशी, शेंबूड पुसता न येणारी पोर होती. सासूबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, म्हणून तिची वेणी माझ्याकडं आली. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तिचे कान टोचले तेव्हा तिला मांडीवर मी दाबून धरलं. तिला पहिलं लुगडं मी नेसवलं. तिच्या लग्नात तिला नटवणार ती मीच, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण न बोलता ठरलेलं होतं. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

लग्न लातूरला, मुलाच्या दारात करायचं ठरलं. दिवस वैशाखाचे. तिकडं दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, इकडं निजामाच्या मुलखात पेट्रोल मिळेनासं झालं होतं, म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. टपावर चढवलेलं सामान पोचेल याचा भरवसा नाही. सासूबाईंनी फर्मान काढलं.

“नट्ट्यापट्ट्याचं सामान एका फणेरपेटीत मावंल तेवढंच घ्या. पेटी मांडीवर घेऊन बसायचं. दुसरी पेटी दिसली तर गोदावरीत टाकून देईन, सांगून ठेवते.”

फणेरपेटी माझ्या माहेरची. शिसवी लाकडाची, आत लहान लहान खण, झाकणात आरसा. तो आरसा चौकटीसकट बाहेर काढता यायचा. आम्ही दोघी पेटी मध्ये ठेवून बसलो, नणंद समोर. कुंकवाचा करंडा, त्याखाली लावायच्या मेणाची डबी आणि फणी यांवर वाद नव्हता. काजळ मी घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. त्यावर जाऊच म्हणाली, “काजळ तुमचंच घ्या अक्का, तुमच्यासारखं कुणालाच जमत न्हाई.” मला ते दान दिल्यासारखं लागलं. माझी तेलाची बाटली गळते म्हणून बाहेर राहिली. तिचा स्नो आणि पावडर मोठ्या खणात बसले, जसे काही तो खण त्यांच्याच मापानं केला होता.

शेवटी एक खण उरला. त्यात एक तर माझ्या पिठाची डबी मावणार, नाहीतर तिचा साबण. पीठ काही भज्यांचं नव्हतं. मसूर दळून, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याची साल वाळवून घालून, मी ते वस्त्रगाळ करून ठेवलं होतं. या लग्नासाठी, या पोरीसाठी. मी डबी उचलली तशी नणंद म्हणाली,

“वैनी, साबणच घ्या की. पिठानं तोंड लई खरखर करतंय.”

आयुष्यभर त्याच पिठानं तिचं तोंड धुतलं होतं. खरखर त्या दिवशी कळली. मी डबी फळीवर ठेवली आणि पेटीचं झाकण असं आपटलं की त्यात बोट सापडलं. कुणाचं म्हणून विचारू नका, माझंच.

नांदेडहून निघालेली मोटार चाकूरला पाण्यासाठी थांबली तोवर आमची सगळ्यांची तोंडं काजळीनं माखली होती. जावेनं माझ्या मांडीवरची माझीच पेटी उघडून साबण काढला. विहिरीवर नणंदेचं तोंड धुतलं. पोर अशी उजळून आली की पाणी भरणाऱ्या बायका कळशी टेकवून बघत राहिल्या. सासूबाई, ज्यांनी माझ्या कुठल्या कामाला कधी ‘बरं’ म्हटलं नाही, त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई साबण घेतलास.” जावेनं तोच साबण माझ्यापुढं धरला. “अक्का, तुम्ही पण लावा.” मी म्हटलं, “मला न्हाई सोसत.” आणि काळं तोंड घेऊन लातूरपर्यंत गेले.

लातूरला दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली आणि बायकांनी नणंदेला ती हात राखून नाही, चांगली थापून लावली. लग्न गोरज मुहूर्तावर. दुपारी तिला न्हायला घातलं, तरी तोंड पिवळंजर्द राहिलं, ते राहतंच. मी पेटी घेऊन तिच्याकडं निघाले तर सासूबाईंनी मला हळदीकुंकवाची ताटं भरायला बसवलं. “पेटी दे धाकटीकडं,” म्हणाल्या. मी दिली. ताटातल्या हळदीवर राग काढत बसले होते, तेवढ्यात आतून किंकाळी आली.

आत जाऊन बघते तर नणंदेच्या दोन्ही गालांवर तांबडे चट्टे, कुणी सपासप थोबाडल्यासारखे. स्नो नीट बसावा म्हणून जावेनं हळदीच्या तोंडावर साबण फिरवला होता. हळदीच्या लुगड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो, हे आमच्याकडं धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक. हिच्या माहेरी धुणं धोब्याकडं जायचं. ती बिचारी घाबरून आणखी साबण लावत होती आणि चट्टे आणखी लाल होत होते. बाहेर मुलाकडच्या बायका ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या आणि नवरी बघू द्या म्हणून दार वाजवत होत्या. त्यांनी हे तोंड बघितलं असतं तर पोरीला रोग आहे म्हणून गावभर झालं असतं. कदाचित नवरदेव मांडवातून उठला असता.

“अक्का, कायतरी करा,” जाऊ रडायला लागली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोरीच्या काळजीनं छातीत धडधड होत होती आणि त्याच छातीत आनंदही मावत नव्हता. मागच्या दारानं आचाऱ्याकडं गेले, वाटीभर दही, एक लिंबू आणि ओंजळभर बेसन घेऊन आले. आंबटानं हळदीचा तांबडेपणा उतरतो. हलक्या हातानं चोळत गेले तसे चट्टे आधी पिवळे झाले, मग फिके. जाऊ तांब्या धरून उभी होती. मला घाई नव्हती. नणंदेनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, “वैनी, तुम्ही होतात म्हणून.”

झालं, मी मनात म्हटलं, आता फणी माझ्या हातात येणार. पेटी ओढून मी काजळाची डबी काढली.

नणंदेनं दस्तीनं तोंड पुसलं. आरशात गाल बघून घेतले. मग ती बसल्या जागी जावेकडं वळली, डोळे मिटले, हनुवटी वर केली.

“हं, लावा आता स्नो.”

जावेनं माझ्याकडं बघितलं. “अक्का, तुम्ही लावता?” तिनं मनापासून विचारलं होतं. मी ती बरणी कधी उघडलीसुद्धा नव्हती. किती घ्यायचं, कुठं लावायचं, काही माहीत नव्हतं.

“मला त्यातलं काय कळतंय,” मी म्हटलं.

आरसा धरायला कुणीतरी हवंच होतं. मी तो चौकटीसकट काढला आणि नणंदेच्या शेजारी बसून तिच्यासमोर धरला. जाऊ बोटानं तिच्या कपाळावर, गालावर पांढरे ठिपके ठेवत गेली, मग ते जिरवत गेली. पोरीनं डोळे उघडले.

“वैनी, आरसा इकडं करा की. त्यात तुमचंच तोंड दिसायलंय.”

मी बघितलं. माझं तोंड लालबुंद झालं होतं, आणि मला तर ना हळद लागली होती, ना साबण. मी आरसा तिच्याकडं वळवला.