निळ्या उजेडातले गुलाबी ठिपके

घोडेगावच्या बाजारात बैलाचा सौदा ठरला की घेणारा तिथूनच त्याला बांधायला कासरा घेतो, आणि हौशी असेल तर शिंगांना सुताचे गोंडेही. कासऱ्या-गोंड्यांची कापडी पालं बरीच लागायची, पण गिऱ्हाईक साळूबाईचं पाल शोधत यायचं. तिच्या गोंड्यांचा रंग पावसात उतरत नसे. सूत ती स्वतः रंगवायची. अंगणात चुलवणावर मोठं पातेलं चढवायचं, रंगाची पुडी सोडायची आणि लडी हातानंच खालीवर करायच्या. तिची बोटं बाराही महिने लाल नाहीतर हिरवी असत. नवरा बन्सी थोडीशी कोरडवाहू जमीन बघायचा आणि बाजारच्या दिवशी पाल ठोकून तिच्या शेजारी बसायचा. बोलायची ती, मान हलवायचा तो.

एकदा लघवीला गेल्यावर तिला लाल दिसलं. तिला वाटलं, हाताचा रंग लागला असेल. पुन्हा दिसलं, तेव्हा उन्हाचं झालं असेल म्हणून तिनं धण्याचं पाणी घेतलं. दुखत काहीच नव्हतं, आणि असल्या गोष्टी नवऱ्याजवळ काढायच्या कशा? पुढं दिवाळीला ती नगरला सावेडीत लेकीकडं, ज्योतीकडं गेली. ज्योतीनं बाथरूममध्ये फरशीवर थेंब बघितले आणि दुसऱ्याच दिवशी आईला स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दुर्बीण घातली. लघवीच्या पिशवीत आतून कोबीच्या फुलासारखी बारीक गाठ होती. ती त्यांनी काढली, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पण वरवरचा. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. रंगाचं ऐकल्यावर ते म्हणाले, "काही रंगांनी हा आजार होतो. तुमचा त्यानंच झाला असं मला सांगता येणार नाही. पण आता हात घालू नका."

हे तिला आजारापेक्षा जास्त लागलं. बन्सी सूत रंगवू लागला. ती लांब बसून सांगायची, "आता काढा. लई काळं पडंल."

दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असायची. पहिल्या वेळेला डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहे. दुसऱ्या वेळेलाही तेच म्हणाले. साळूबाईनं देवीची ओटी भरली, भावकीतल्या बायकांना पुरणावरणाचं जेवण घातलं. "आतून पार स्वच्छ हाय म्हनले," ती वाढता वाढता सांगत होती.

पण लघवीला आग होत होती. घडीघडीला उठावं लागायचं. बाजारात बसणं अवघड झालं. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, दुर्बिणीत काहीच दिसलं नाही. या वेळी त्यांनी लघवी तपासायला दिली होती. तिच्यात वाईट पेशी सापडल्या. ते ज्योतीला म्हणाले, "दिसत नाहीये, पण आत काहीतरी आहे. पुण्यात निळ्या प्रकाशानं बघतात. तिकडं न्या. उशीर करू नका."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. आधी नळीतून पिशवीत औषध सोडलं आणि ते धरून ठेवायला सांगितलं. मग कमरेखालचा भाग बधिर करून दुर्बीण घातली. साळूबाई जागी होती. बाईंनी टीव्हीसारखा पडदा तिच्याकडं वळवला. साध्या उजेडात आतलं कातडं सगळं एकसारखं, फिकट, बारीक शिरांचं होतं. मग बाईंनी उजेड बदलला. पडदा निळा झाला आणि त्यात ठिकठिकाणी गुलाबी ठिपके पेटले.

"हे काय हो बाई?"

"औषध वाईट पेशींमध्ये साठतं, मावशी. निळ्या उजेडात ते गुलाबी दिसतं. साध्या उजेडात गाठ दिसते, पण कातडीसारखा सपाट पसरलेला कॅन्सर सुटून जाऊ शकतो."

"म्हंजी हे समदं कॅन्सरच?"

"नाही. नुसती सूज असली तरी गुलाबी दिसतं. हा उजेडही फसवतो. म्हणून प्रत्येक जागेचा तुकडा काढायचा."

ती पडद्याकडं बघत राहिली. दोन वेळा तिला स्वच्छ म्हणून सांगितलेली जागा तीच होती.

तुकड्यांचे निकाल आले. काही ठिपके नुसत्या सुजेचे निघाले. बाकीचे कॅन्सरचे, आणि त्यातला एक पिशवीच्या स्नायूत उतरलेला. आता पिशवीच काढावी लागणार होती.

"मग नगरला स्वच्छ म्हनले ते खोटं हुतं का?" साळूबाईनं विचारलं.

बाईंनी निकालाचे कागद मिटले. मग म्हणाल्या, "त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. जे होतं ते दिसलं नाही."

ऑपरेशन झालं. पोटावर लघवी साठवायची प्लास्टिकची पिशवी आली. ती बदलायला ज्योतीनं शिकवलं, बन्सीही शिकला. पण साळूबाई बाजारात परत गेली नाही. वास येईल, माणसं तोंड फिरवतील, असं तिला वाटायचं. बन्सी कितीदा म्हणाला, "काय बी वास येत न्हाई. चल." ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. "तुमीच जावा. मोठा गोंडा कमी भावात देऊ नका."

पुढं पाठ दुखायला लागली. आजार हाडात गेला होता. शेवटचे दिवस ती सावेडीलाच होती. बन्सी रोज तिच्या पायांना तेल लावायचा. एका दुपारी ती म्हणाली, "त्या बायकांना मी उगंच जेवू घातलं वं. बरी झाले म्हनून." बन्सीनं हातावर आणखी तेल घेतलं. त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्यानंतर बन्सी म्हणाला, मला त्या नगरच्या डॉक्टरला भेटायचंय. ज्योती घाबरली, पण घेऊन गेली. डॉक्टरांनी ओळखलं. बातमी ऐकून ते खुर्चीतून उठले आणि बाकावर बन्सीच्या शेजारी येऊन बसले.

"मला दिसलं नाही, बन्सीभाऊ," ते म्हणाले.

"पुन्याच्या बाईनं सांगितलं आमाला. तुमच्या उजेडात ते दिसत नसतंय." बन्सी जमिनीकडं बघत होता. "तुमीच धाडलं म्हनून कळलं तरी. मी भांडायला न्हाई आलो. ती तुमाला लई मानायची, एवढंच सांगायचं हुतं."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. ज्योतीनं स्कूटर स्टँडवरून काढली. बन्सी तसाच उभा राहिला.

"ज्योते, पयल्याच टायमाला पुन्याला नेली असती तर?"

ज्योतीनंही हे स्वतःला कितीतरी वेळा विचारलं होतं. तेव्हा निळ्या उजेडात काय दिसलं असतं, आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"बसा, आबा," ती म्हणाली. "धरून बसा."