चेनीची ढील
अगं, सरक जवळ. आल्या-आल्या उठायची घाई कसली तुला! आज शिलाई मशीनला तेल घातलं अन् त्या वासानं तुझ्या आजोबांची जुनी फटफटी आठवली. लकव्यानं त्यांच्या बोटांची जाण गेलेली, तरी कराडहून आणलेली नवी चेन अंगणात स्वतःच बसवत होते. "मिस्त्रीला दिली तर गाडी माझी कसली?" म्हणायचे; मलाही कधी हात लावू दिला न्हाई. चेन बसली, पण ढील किती ते बोटांना कळंना. शेवटी बाजूला सरकून मला म्हणाले, "तूच दाबून बघ गं. तुझ्या मशीनच्या पट्ट्याएवढी ढील पायजे." मी दाबलं. "आवं, जरा घट्ट करा." तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली, तशी म्हणाले, "बस मागं, मिस्त्रीण!" आता ती ढील माझ्याच बोटात राहिलीय, तुलाही शिकवते, पण लवकर ये गं परत.