मालकांच्या दोन रायफली

आमच्या कंपनीचे कतारी मालक खजूर पुढे केल्याशिवाय कागदाला हात लावत नसत. हल्ली मात्र येईल त्याला ते आधी नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली दाखवत. एक इटलीची, एक अमेरिकेची. दोन्हींचे दस्ते बदलून, दुर्बिणी चढवून झाल्या होत्या. रायफल रिकामी असल्याचं ते शपथेवर सांगत. उघडून मात्र कधी दाखवत नसत.

नाशिकला वडील आयसीयूत होते. कतार सोडण्याच्या माझ्या परवान्यावर मालकांची सही हवी होती.

“डरो मत इंजिनीअर, गोली नहीं है,” म्हणत त्यांनी इटालियन रायफल खिडकीबाहेर रोखून माझ्या हाती दिली. समोर वर्ल्डकपचं अर्धवट स्टेडियम होतं. दुर्बिणीच्या फुलीत आमचाच एक फिटर पाणी पीत होता.

“कैसा दिखता है?”

“एकदम साफ, सर.”

“यल्ला, अब अमेरिकावाली देखो.”

परवाना त्यांच्या कोपराखाली बिनसहीचाच होता. मी पुन्हा डोळा लावला.